उद्योगसंस्थांतील समावेशक धोरण आणि नवप्रवर्तन

एखादी उद्योगसंस्था आपल्या नोकरवर्गाला कसे वागविते ह्याचा तिच्या ताळेबंदाशी संबंध असतो, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. वेतन, कामाचे तास, कारखान्यातील सुरक्षितता ह्यांच्याविषयी असा संबंध दाखवून देणारे वाङ्मय विपुल आहे. परंतु नोकराच्या आयुष्यातील ज्या गोष्टीचा त्याच्या कामाशी यत्किंचितही संबंध नाही, तिच्याविषयी संस्थेने घेतलेल्या भूमिकेचा परिणाम तिच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या शोधांवर होतो काय, हा प्रश्न तुलनेने नवा आहे. समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी अशा ज्या व्यक्तींचा उल्लेख आज ‘एलजीबीटी’ ह्या अक्षरांनी केला जातो, त्यांच्याविषयीच्या धोरणांच्या संदर्भात हा प्रश्न गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत गंभीरपणे अभ्यासिला जाऊ लागला आहे. प्रस्तुत लेखात त्याची मांडणी करून, उपलब्ध पुरावा कितपत भक्कम आहे आणि त्यावरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, ह्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम संज्ञांविषयी दोन शब्द. ‘समावेशक धोरण’ म्हणजे केवळ सद्भावनेची घोषणा नव्हे. लैंगिक कल किंवा लिंगभाव ह्यांवरून नेमणूक, बढती वा बडतर्फी ठरणार नाही असा लेखी नियम. विवाहित नोकराच्या जोडीदारास मिळणाऱ्या वैद्यकीय व अन्य सवलती समलिंगी जोडीदारासही देण्याची तरतूद. आणि तक्रारीची दाद लागण्याची व्यवस्था, ही त्याची मुख्य अंगे होत. ‘नवप्रवर्तन’ हा शब्द येथे जोसेफ शुंपीटर ह्यांनी रूढ केलेल्या अर्थाने घेतला आहे. उपलब्ध साधनांची नवी संयोजने घडवून आणणे व ती व्यवहारात उतरविणे म्हणजे नवप्रवर्तन. केवळ कल्पना सुचणे म्हणजे नवप्रवर्तन नव्हे. ती सुचलेली माणसे, ती ऐकून घेणारे सहकारी आणि ती पुरी करू देणारी संस्था ही तिन्ही त्यासाठी लागतात. पुढील विवेचनात ह्या तिन्हींचा वारंवार संबंध येईल.

१. एक उदाहरण

आकडेवारीकडे वळण्यापूर्वी एक प्रत्यक्ष घडलेली हकीकत पाहणे उपयुक्त होईल. अमेरिकेतील आय. बी. एम. ह्या संगणक-निर्मात्या कंपनीत १९६४ साली एक तरुण अभियंता दाखल झाला. अतिवेगवान संगणक निर्माण करण्याच्या एका महत्त्वाकांक्षी योजनेवर काम करीत असता ह्या अभियंत्याने एक नवी पद्धत शोधून काढली. संगणकाला दिलेल्या आज्ञा लिहिलेल्या क्रमानेच पार पाडण्याऐवजी, ज्यांची सामग्री तयार आहे त्या आज्ञा आधी उरकून घ्यावयाच्या, अशी ती पद्धत होती. आजच्या वेगवान संगणकांच्या अंतर्रचनेत हे तत्त्व सर्वत्र रूढ झाले आहे. परंतु १९६८ साली ह्या अभियंत्याने आपला स्त्री म्हणून जगण्याचा निश्चय व त्यासाठी घेत असलेले वैद्यकीय उपचार कंपनीच्या कानी घातले, आणि कंपनीने नोकरी संपुष्टात आणली. कामाविषयी कसलीही तक्रार नव्हती.

ह्या अभियंत्या म्हणजे लिन कॉनवे. त्यांनी नव्या नावाने, पूर्वीच्या कामाचा कोणताही दाखला न देता, साध्या प्रोग्रॅमरच्या नोकरीपासून पुन्हा सुरुवात केली. १९७३ साली त्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन-केंद्रात आल्या. तेथे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक कार्व्हर मीड ह्यांच्या सहकार्याने त्यांनी सिलिकॉनच्या एका लहानशा तुकड्यावर सहस्रावधी घटक असलेल्या मंडलांची आखणी कशी करावी ह्याचे सोपे, शिकविता येण्याजोगे नियम तयार केले. तोवर ही विद्या काही मोजक्या कंपन्यांच्या चार भिंतींआड होती. १९७८ साली कॉनवे ह्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ह्या विषयाचा अभ्यासक्रम शिकविला. मीड व कॉनवे ह्यांचे पाठ्यपुस्तक थोड्याच अवधीत प्रसिद्ध झाले आणि विद्यापीठांतील विद्यार्थी स्वतः चिपांची आखणी करू लागले. चिपची आखणी करणारा एक व ती तयार करणारा दुसरा, ही आजच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगातील श्रमविभागणी ज्या विचारांतून निघाली, त्यांत ह्या कार्याचे स्थान मोठे आहे.

ह्या साऱ्या काळात कॉनवे ह्यांनी आपला पूर्वेतिहास गुप्त ठेविला होता. आय. बी. एम. मधील त्यांच्या शोधाचे श्रेय तीस वर्षे त्यांना घेता आले नाही, कारण ते घेणे म्हणजे आपली ओळख उघड करणे होते. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या जुन्या योजनेचा इतिहास संशोधकांनी शोधावयास घेतला, तेव्हा कुठे त्यांनी मौन सोडिले. आय. बी. एम. ने २०२० साली, म्हणजे बडतर्फीनंतर ५२ वर्षांनी, त्यांची जाहीर क्षमा मागितली. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

ह्या हकीकतीवरून एकदम सिद्धान्त काढणे शास्त्रशुद्ध होणार नाही. कॉनवे आय. बी. एम. मध्येच राहत्या तर त्यांनी तेथे काय केले असते हे कोणी सांगू शकत नाही. परंतु प्रश्नाचे स्वरूप ह्या उदाहरणावरून स्पष्ट होते. संशोधनावर जिची मदार आहे अशा संस्थेचे भांडवल माणसांच्या डोक्यात असते; ते तिच्या कोठारात कुलूपबंद करून ठेविता येत नाही. माणूस गेला की ते त्याच्याबरोबर जाते. शिवाय ह्या हानीची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही, कारण न लागलेल्या शोधाला खाते नसते. १९६८ साली आय. बी. एम. च्या हिशेबनिसास ह्या बडतर्फीत एका वेतनाची बचत झालेली दिसली असेल.

हेही नमूद केले पाहिजे की त्याच कंपनीने १९८४ साली आपल्या भेदभावविरोधी नियमांत लैंगिक कलाचा अंतर्भाव केला आणि १९९६ साली समलिंगी नोकरांच्या जोडीदारांना सवलती देण्याचे जाहीर केले. मोठ्या कंपन्यांपैकी लोटस ह्या सॉफ्टवेअर कंपनीने हे पाऊल १९९१ सालीच उचलले होते. ज्या उद्योगांत कुशल माणसांची चणचण अधिक, त्यांत अशी धोरणे लवकर आली, हा निव्वळ योगायोग नसावा.

२. कारणपरंपरा

धोरण आणि शोध ह्यांच्यामध्ये कोणते दुवे असू शकतात? अर्थशास्त्र, समाजशास्त्र व मानसशास्त्र ह्या तीन शास्त्रांनी त्यांचा निरनिराळ्या अंगांनी विचार केला आहे.

अर्थशास्त्रात ह्या विवेचनाचा पाया गॅरी बेकर ह्यांनी १९५७ साली भेदभावाच्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या ग्रंथाने घातला. बेकर ह्यांच्या मते भेदभाव ही मालकाची एक आवड असते आणि इतर आवडींप्रमाणे तिचीही किंमत मोजावी लागते. योग्यता असलेला उमेदवार नाकारून कमी योग्यतेचा उमेदवार घेणारा मालक ती किंमत स्वतःच्या नफ्यातून देतो. बेकर ह्यांचा मूळ विचार वर्णभेदासंबंधी होता. तो येथेही लागू पडतो. मात्र नवप्रवर्तनाच्या क्षेत्रात ही किंमत अधिक चढते. ठराविक काम करणाऱ्या दोन कामगारांच्या उत्पादनात फार तर काही टक्क्यांचे अंतर असते; दोन संशोधकांच्या कार्यात ते कितीही असू शकते. म्हणून निवडीचे क्षेत्र संकुचित करणारी संस्था येथे सर्वांत अधिक गमावते.

समाजशास्त्राने दुसऱ्या दुव्याकडे लक्ष वेधिले. अर्व्हिंग गॉफमन ह्यांनी कलंक ह्या विषयावरील १९६३ च्या ग्रंथात एक मार्मिक भेद केला आहे. काही माणसांचे वेगळेपण प्रथमदर्शनीच दिसते. त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो समोरच्या माणसाच्या अवघडलेपणाचा. इतरांचे वेगळेपण दिसत नाही, पण उघडकीस येऊ शकते. त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो माहिती सांभाळण्याचा. कोणाला सांगावे, कोणाला सांगू नये, कोणास कितपत ठाऊक आहे, ह्याचा हिशेब अशा माणसाला सतत मनात ठेवावा लागतो. समलिंगी नोकराची स्थिती बहुधा ह्या दुसऱ्या प्रकारची असते. ‘सुटीत कोठे गेला होतात?’ हा मधल्या सुटीतील निरुपद्रवी प्रश्न त्याच्या दृष्टीने निरुपद्रवी नसतो.

मराठीभाषकांना ह्या ओझ्याची कल्पना आपल्या व्याकरणावरूनही यावी. इंग्रजीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हा भेद नाही. मराठीत भूतकाळाचे असे साधे वाक्य उच्चारताच बोलणाऱ्याला आपले लिंग जाहीर करावे लागते. जोडीदाराविषयी बोलताना आदरार्थी बहुवचनही आडोसा देत नाही. ‘ते आले’ किंवा ‘त्या आल्या’ ह्यांपैकी एक म्हणावेच लागते. ‘घरची मंडळी’ असल्या संदिग्ध शब्दांचा आश्रय घ्यावा, तर तो किती वेळ पुरणार? लपवालपवीसाठी लागणारी ही सावधगिरी म्हणजे श्रमच होत. फक्त ते कोणत्याही हजेरीपटावर लागत नाहीत.

तिसरा दुवा मानसशास्त्राचा. एमी एडमंडसन ह्यांनी एका कारखानदारी कंपनीतील ५१ कार्यगटांचा अभ्यास करून १९९९ साली असे दाखविले की, ज्या गटांत बोलण्याने आपली नाचक्की होणार नाही असा सदस्यांना परस्परांविषयी विश्वास असतो, त्या गटांत लोक चुका कबूल करतात, मदत मागतात, शंका काढतात, आणि त्यामुळे गट अधिक शिकतो. नवे संयोजन प्रथम सुचते तेव्हा ते बहुधा अर्धवट व वेडगळ दिसते; ते चारचौघांत मांडण्यास धीर लागतो. ज्याला आपल्याविषयी एक मोठी गोष्ट झाकावयाची आहे, तो आपल्याकडे लक्ष वेधून घेणारे काहीही करावयास कचरेल, हे समजण्यासारखे आहे. आणि एका सहकाऱ्याला वेगळेपणाबद्दल शिक्षा झालेली जो गट पाहतो, त्यातील बाकीचेही वेगळे काही बोलण्यापूर्वी विचार करतात.

ह्या शेवटच्या वाक्यातील मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. समावेशक धोरणाचा परिणाम केवळ एलजीबीटी नोकरांच्या द्वाराच होतो असे मानण्याचे कारण नाही. त्यांची संख्या कोणत्याही संस्थेत अल्पच असते. धोरण हे इतर नोकरांना व होऊ घातलेल्या नोकरांनाही काही सांगत असते: ही संस्था माणसाला त्याच्या कामावरून जोखते. असा निरोप ऐकून कोण आकृष्ट होतो व कोण निघून जातो, ह्यावरही परिणाम अवलंबून राहील. प्रत्यक्ष पुरावा पाहताना ह्या तर्काचा पडताळा येतो.

३. प्रत्यक्ष पुरावा

प्रथम मूळ गृहीतक तपासले पाहिजे. नोकरीत भेदभाव खरोखर होतो काय? आंद्राश टिल्चिक ह्यांनी अमेरिकेतील सात राज्यांत १,७६९ जाहिरातींना उत्तर म्हणून प्रत्येकी दोन तुल्य अर्ज पाठविले. एका अर्जात महाविद्यालयातील समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेचे खजिनदारपद नमूद होते. दुसऱ्यात डाव्या विचाराच्या एका विद्यार्थी-संघटनेचे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या प्रकारच्या अर्जांपैकी ७.२ टक्क्यांना मुलाखतीचे बोलावणे आले, तर दुसऱ्या प्रकारच्या ११.५ टक्क्यांना. हा फरक टेक्सास, ओहायो व फ्लोरिडा ह्या राज्यांत ठळक होता. अर्जदाराच्या गुणवत्तेत काहीच अंतर नसल्यामुळे ह्या फरकाचे दुसरे स्पष्टीकरण देणे कठीण आहे.

आता मुख्य प्रश्न. रिचर्ड फ्लॉरिडा व गॅरी गेट्स ह्यांनी २००१ साली अमेरिकेतील ५० मोठ्या महानगर-क्षेत्रांची तुलना करून असे दाखविले की, जेथे समलिंगी लोकवस्तीचे प्रमाण अधिक तेथे उच्च तंत्रज्ञानाचे उद्योगही अधिक भरभराटीस आलेले असतात. फ्लॉरिडा ह्यांच्या २००२ च्या ग्रंथामुळे हा विचार लोकप्रिय झाला. परंतु साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. उद्योग वाढला म्हणून सहिष्णू लोक आले, की सहिष्णुता होती म्हणून उद्योग आला, की विद्यापीठासारख्या तिसऱ्याच कारणाने दोन्ही आली, ह्याचा निर्णय अशा तुलनेने होत नाही.

कंपन्यांच्या पातळीवरील अभ्यासांतही हीच अडचण आहे. अमेरिकेतील ह्यूमन राइट्स कॅम्पेन ही संस्था २००२ पासून कंपन्यांच्या धोरणांना ० ते १०० असे गुण देत आली. ह्या गुणांच्या आधारे होसेन, आतिफ, अहमद व मिया ह्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अधिक गुण आणि अधिक नवप्रवर्तन ह्यांची सांगड आढळली. त्यापूर्वी २०१८ साली पिचलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले होते की, समावेशक धोरणांचा कंपनीच्या मूल्यावरील व नफ्यावरील लाभ टिकून राहतो तो संशोधन व विकास ह्यांवर खर्च करणाऱ्या कंपन्यांतच. हा तपशील वर मांडलेल्या कारणपरंपरेशी चांगला जुळतो. तथापि, धोरण ऐच्छिक असल्यामुळे शंका उरतेच. मुळात सुव्यवस्थित व सधन कंपनीच दोन्ही गोष्टी करीत असेल: उत्तम संशोधनही आणि उत्तम धोरणही.

ही शंका दूर करण्याचा मार्ग म्हणजे कंपनीने स्वतः न निवडलेला बदल शोधणे. असा बदल कायद्याने घडतो. लैंगिक कलावरून नोकरीत भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदा प्रथम विस्कॉन्सिन राज्याने १९८२ साली केला. मॅसॅच्युसेट्सने १९८९ साली, आणि त्यानंतर इतर राज्यांनी निरनिराळ्या वर्षी. सर्व राज्यांना लागू होणारे संरक्षण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या बॉस्टॉक निर्णयानेच मिळाले. मधल्या काळात काही राज्यांत कायदा होता व काहींत नव्हता. हुआशेंग गाओ व वेई झांग ह्यांनी ह्याच स्थितीचा उपयोग करून घेतला. त्यांनी १९७६ ते २००८ ह्या काळातील कंपन्यांचे पेटंट तपासून, कायदा झालेल्या राज्यांतील कंपन्यांत कायद्यापूर्वी व कायद्यानंतर पडलेला फरक आणि त्याच काळात कायदा न झालेल्या राज्यांतील कंपन्यांत पडलेला फरक ह्या दोहोंची तुलना केली. ह्या पद्धतीस ‘फरकांतील फरक’ असे म्हणता येईल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात कायद्यानंतर पेटंटांची संख्या सुमारे ८ टक्क्यांनी आणि त्या पेटंटांना पुढील पेटंटांत मिळालेल्या उल्लेखांची संख्या सुमारे ११ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

ह्या सरासरीपेक्षा तिच्या पोटातील भेद अधिक बोलके आहेत. ज्या कंपन्यांनी आधी स्वतःहून असे धोरण स्वीकारले नव्हते त्यांच्यावर परिणाम अधिक झाला. कायद्याने ज्यांच्यात काही बदलले त्यांच्यातच फरक पडावा, हे अपेक्षितच होय. मानवी कौशल्यावर ज्यांची भिस्त आहे त्या उद्योगांत तो अधिक दिसला. आणि समलिंगी लोकवस्तीचे प्रमाण जेथे जास्त त्या राज्यांतही. शिवाय संशोधकांच्या हालचालींवरून असे दिसले की, कायद्यानंतर अशा कंपन्यांत आलेले संशोधक तेथून निघून गेलेल्यांपेक्षा अधिक सर्जनशील होते. म्हणजे समानतेला अनुकूल असलेली आणि नव्या विचाराला मोकळी असलेली माणसे बव्हंशी एकच असतात व ती एकत्र येतात, हा निरोपाविषयीचा आपला तर्क येथे खरा ठरतो.

४. मर्यादा

हा पुरावा बळकट असला तरी त्याच्या मर्यादा ओळखूनच त्याचा उपयोग केला पाहिजे. पहिली मर्यादा पेटंट ह्या मापाची. झ्वी ग्रिलिचेस ह्यांनी १९९० साली पेटंटांच्या आकडेवारीचा जो परामर्श घेतला, त्यात सर्व शोधांची पेटंटे घेतली जात नाहीत आणि पेटंटांचे मूल्य परस्परांपासून फार भिन्न असते, हे दाखवून दिले आहे. औषधनिर्मितीत पेटंट जितके बोलते तितके सॉफ्टवेअरमध्ये किंवा सेवाक्षेत्रात बोलत नाही. कॉनवे ह्यांचेच उदाहरण घ्यावे: त्यांचे सर्वांत प्रभावी कार्य एका पाठ्यपुस्तकाच्या व अभ्यासक्रमाच्या रूपाने जगापुढे आले.

दुसरी मर्यादा स्थळाची. कंपनीची मुख्य कचेरी एका राज्यात व प्रयोगशाळा दुसऱ्यात असणे नेहमीचे आहे. कायदा कोणत्या ठिकाणच्या माणसांना लागू होतो व शोध कोठे लागतो, हे प्रत्येक वेळी एकच नसते.

तिसरी मर्यादा पद्धतीची. निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या राज्यांत लागू झालेल्या कायद्यांची एकत्र सरासरी काढताना, आधी कायदा केलेली राज्ये नंतरच्या राज्यांच्या तुलनेसाठी मापदंड म्हणून वापरली जातात. परिणाम वर्षागणिक वाढत वा घटत असेल, तर ही सरासरी फसवी ठरू शकते, असे अँड्र्यू गुडमन-बेकन ह्यांनी २०२१ साली दाखविले. ह्यावरून पूर्वीचे निष्कर्ष चूक ठरत नाहीत. परंतु असे सर्व अभ्यास नव्या कसोट्यांवर पुन्हा घासून पाहणे इष्ट ठरते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी हा उत्तम विषय आहे.

चौथी मर्यादा कागद आणि व्यवहार ह्यांतील अंतराची. गुणपत्रिकेत १०० गुण मिळविणाऱ्या कंपनीच्या एखाद्या विभागात वरिष्ठाच्या थट्टेने माणूस जेरीस येत असेल, तर ते गुण त्याच्या कामाचे नाहीत. उलट, अशा धोरणांची उपयुक्तता मोजण्यासाठी नोकरांना आपली ओळख कळविण्याची सक्ती केली, तर मोजमापच त्या धोरणाचा घात करील. सांगण्याची मोकळीक आणि न सांगण्याची मोकळीक ही एकाच हक्काची दोन अंगे आहेत.

५. भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न वेगळ्या टप्प्यावर उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींच्या लिंगभावास मान्यता दिली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी दंडसंहितेच्या कलम ३७७ खाली सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा ठरणार नाहीत असा निर्णय दिला. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या अधिनियमाने नेमणूक, बढती इत्यादी बाबतींत त्यांच्याविरुद्ध भेदभाव करण्यास आस्थापनांना मनाई केली व तक्रारींसाठी अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. समलिंगी नोकरांना मात्र २०१८ च्या निर्णयाने गुन्हेगारीच्या छायेतून मुक्तता मिळाली, तरी खासगी मालकाविरुद्ध दाद मागण्याचे स्वतंत्र वैधानिक साधन आपोआप मिळाले नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने समलिंगी विवाहास मान्यता नाकारल्यानंतर, जोडीदारास विमा व अन्य सवलती द्याव्यात की नाही हे ठरविणे बव्हंशी मालकाच्या इच्छेवर राहिले. त्यामुळे कंपनीच्या स्वतःच्या धोरणाचे महत्त्व येथे अमेरिकेपेक्षाही अधिक आहे.

ह्या दृष्टीने मुंबईत झालेला एक प्रयत्न उल्लेखनीय आहे. विक्रोळी येथील गोदरेज उद्योगसमूहाच्या कल्चर लॅबने डिसेंबर २०१८ मध्ये पारलिंगी व्यक्तींना भारतीय कार्यालयांत सामावून घेण्याविषयी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला, आणि त्या लॅबचे प्रमुख परमेश शहाणी ह्यांनी २०२० साली ह्याच विषयावर ग्रंथ लिहिला. अर्थशास्त्रज्ञ ली बॅजेट ह्यांनी जागतिक बँकेसाठी २०१४ साली केलेल्या अभ्यासात, भेदभावामुळे भारताची होणारी वार्षिक हानी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ ते १.७ टक्क्यांच्या दरम्यान अंदाजिली होती. ह्या दोन मर्यादांमधील मोठे अंतर हेच आपल्या माहितीच्या तोकडेपणाचे निदर्शक आहे.

भारतीय सामग्रीवर काम करू इच्छिणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील अनेक संशोधन-केंद्रे परदेशी कंपन्यांची आहेत. येथे लागलेल्या शोधाचे पेटंट पुष्कळदा परदेशातील मूळ कंपनीच्या नावे नोंदले जाते. म्हणून मालकाच्या पत्त्यावरून हिशेब न करता, पेटंटावर नोंदलेल्या संशोधकाच्या पत्त्यावरून केला पाहिजे. तसे केल्यास एकाच कंपनीचे एकच धोरण भिन्न कायद्यांच्या देशांत कसे परिणाम करते, ही तुलना शक्य होईल. २०१८ चा निर्णय हा सर्व कंपन्यांवर एकाच दिवशी बाहेरून आलेला बदल होता. राज्यांतील तुलना त्यामुळे होऊ शकत नसली, तरी आधीच धोरण असलेल्या व नसलेल्या कंपन्यांतील तुलना होऊ शकते.

६. उपसंहार

सारांश असा. समावेशक धोरणामुळे कोणी अधिक बुद्धिमान होत नाही. ते अडथळे दूर करते: योग्य माणूस नाकारला जाणे, असलेला माणूस गमावणे, आणि राहिलेल्या माणसाची शक्ती लपण्यात खर्च होणे. जेथे ज्ञान हेच भांडवल, तेथे हे अडथळे महाग पडतात व म्हणून त्यांचे निवारण फलदायी दिसते. जेथे काम ठराविक साच्याचे, तेथे तोच परिणाम शोधांच्या रूपाने दिसेलच असे नाही.

ह्या शेवटच्या विधानातच एक धोका दडलेला आहे व त्याची जाणीव ठेवणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. समानतेचे समर्थन केवळ नफ्याच्या आधारे केले, तर ज्या दिवशी नफा दिसणार नाही त्या दिवशी ते समर्थन कोसळेल. २०२४ साली अमेरिकेतील फोर्ड, लोज् यांसारख्या कंपन्यांनी वर उल्लेखिलेल्या गुणांकनातील सहभाग थांबविला. बाहेरचे राजकीय वारे फिरताच हिशेबही फिरला. ८ टक्के पेटंट अधिक मिळाले म्हणून प्रयोगशाळेतील संशोधकाला संरक्षण द्यावे, आणि पेटंट न घेणाऱ्या सफाई-कामगाराला ते देऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. पण निव्वळ फायद्याचा युक्तिवाद तिकडेच नेतो. न्यायाचा पाया माणसाच्या प्रतिष्ठेत आहे, उपयुक्ततेत नाही. अर्थशास्त्राने करावयाचे काम मर्यादित पण आवश्यक आहे. भेदभाव हा फुकटचा असतो, त्यात संस्थेचे काही जात नाही, ही व्यवहारात खोलवर रुजलेली समजूत खोटी आहे, एवढे त्याने पुराव्यानिशी दाखवून द्यावे. १९६८ साली एका अभियंत्याला दार दाखविताना त्या कंपनीचीही समजूत हीच होती.